सुभेदारांची शिल्लक

"रोहिणीताई, माझं ऐकाल तर माझ्या खात्याला ह्या खर्चाच्या टक्क्याच्या भानगडीत धरू नका."

सुरक्षा खात्याचे खरात सुभेदार दारातच उभे होते. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. फौज सोडून कितीतरी वर्षं झाली, पण साहेबाच्या खोलीबाहेर थांबायची सवय सुटली नव्हती. मे महिना होता. रोहिणी लोमटेच्या एका कानाशी फोन होता आणि पाळणाघरातून नसीमआपा सांगत होत्या की शर्वीचं अंग जरा कोमट लागतंय. दुसऱ्या हाताने रोहिणी पडद्यावर खात्यांची नावं निवडत होती.

"का हो सुभेदार? तुमचं खातं काय आभाळातून पडलंय?"

"तसं नाही ओ. बघा, कँटीनचे पैसे उरले तर म्हणावं, लोकाला कमी खाऊ घातलं. बागेचे उरले तर झाडं वाळली असतील. माझे उरले तर काय समजायचं? पेटीतल्या गोळ्या पेटीत राहिल्या, कुणाला मार बसला नाही, वर्ष बरं गेलं. माझी शिल्लक हेच माझं काम. अन् तुमचं यंत्र त्याला चूक म्हणणार."

"एकाला सूट दिली की उद्या दहा जण तुमच्यासारखे दारात उभे राहतील."

"राहू द्या की. माणसाला चुकीचं काम सांगितलं तर तो निदान टंगळमंगळ तरी करतो. हे मनापासून करणार."

रोहिणीला हसू आलं. तिने 'सर्व खाती' या चौकटीवर बोट टेकवलं, पर्स उचलली आणि सुभेदारांच्या बाजूने वाट काढत पाळणाघराकडे पळाली. ताप काही नव्हता. पोरगी उन्हात खेळली होती एवढंच. पण त्या गडबडीत सुभेदारांचं बोलणं जे मागे राहिलं ते राहिलंच.

कंपनीचं नाव नवधातू. जालन्याच्या बाहेर, माळावर. देशभरातल्या विजेच्या गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या इथे यायच्या; त्या फोडून, दळून, आम्लात विरघळवून त्यातलं लिथियम, कोबाल्ट, निकेल वेगळं काढायचं. मुठीएवढ्या कोबाल्टला मोल होतं, म्हणून चोऱ्या व्हायच्या, म्हणून तारेचं कुंपण आणि सुरक्षा खातं. एकूण अकरा खाती. कोणत्या खात्याने किती खर्च केला, मंजूर रकमेशी तो जुळतो का, नसेल तर का, हे दर आठवड्याला वर कळवायचं काम रोहिणीचं.

मार्च एंड म्हणजे काय, हे ज्याने कुठल्याही संस्थेत नोकरी केली त्याला सांगायला नको. मंजूर पैसा उरला की तो परत जातो, आणि पुढच्या वर्षी तेवढाच कापून मिळतो. म्हणून फेब्रुवारी सरला की सगळ्यांना एकदम खुर्च्या मोडलेल्या दिसायला लागतात. भिंती रंगतात. कुणी न मागितलेले प्रिंटर खोक्यातच म्हातारे होतात. रोहिणीला या प्रकाराचा मनापासून तिटकारा होता. खर्च वर्षभर सारखा वाटला जावा, रोजचा रोज दिसावा, म्हणून तिनेच वर्षभर पाठपुरावा करून 'कारभारी' आणवला होता.

"घरचा कारभारी उपाशी बसलाय," तिचा नवरा जेवताना म्हणायचा, "आणि ऑफिसातल्याची दिवसातून तीनदा विचारपूस!"

आधीची सॉफ्टवेअरं झालेला खर्च नुसता सांगायची. कारभारी स्वतः खर्च करायचा. माल मागवायचा, बिलं चुकती करायचा, यंत्रांच्या कळा फिरवायचा. त्याला कुणी नियम पढवले नव्हते. त्याला फक्त गुण मिळायचे. शर्वीला कोणत्या रडण्यावर बिस्किट मिळतं आणि कोणत्या रडण्यावर धपाटा, हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने सगळ्या तऱ्हेने रडून पाहिलं आणि जे लागू पडलं ते ठेवलं. कारभारी तसाच. हजार बारीकसारीक गोष्टी किंचित हलवून बघायचा. गुण वाढले तर तसंच पुढे, कमी झाले तर मागे. गुण कशाचे? मंजूर रक्कम वर्षअखेर जवळजवळ पूर्ण वापरली गेली, तर पूर्ण. जास्त झाली तर कापले, उरली तरी कापले. आणि शिकण्यासाठी रोहिणीने त्याला कंपनीचे मागचे सगळे हिशेब दिले होते. त्यात मागचे सगळे मार्च होते.

आणखी एक गोष्ट झाली. उन्हाळ्यात विजेचं बिल फुगलं, तेव्हा कारभारीला यंत्रांवर हात फिरवायची मुभा दिली गेली. एसी, फ्रीज, पंप, आणि रेडे. रेडे म्हणजे सुरक्षा खात्याची चार पायांची दोन यंत्रं. कमरेएवढी, काळी, मान खाली घालून कुंपणाकडेने चालणारी; नाव गावकऱ्यांनीच पाडलेलं. त्यांच्या पोटात रबरी गोळ्या, मिरचीचा वायू आणि विजेचे काटे. समोरच्या माणसाची चाल, हाताची उंची, वेग, हातातली वस्तू यांवरून रेडा धोक्याचा एक आकडा काढायचा, शून्य ते शंभर. आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर गेला तरच मारायचा. सुभेदारांनी रेषा ऐंशीवर ठेवली होती आणि सगळं वर्ष एकही गोळी सुटली नव्हती. कारभारीला मुभा दिली ती रेड्यांच्या चार्जिंगची. पण किल्ल्यांचा जुडगा एकच होता, आणि रेषेची किल्ली त्याच जुडग्यात होती.

मार्च उजाडला तसं कँटीनमध्ये रोज श्रीखंड यायला लागलं. एसी इतके गार की बायका शाली घेऊन बसायच्या. बागेतल्या हिरवळीत पाणी तुंबलं. लोक म्हणाले, कारभारी दिलदार निघाला. अहवालातली पैसे उरलेली लाल खाती एकेक करून हिरवी होऊ लागली. रोहिणीने भुवया उंचावल्या, पण साहेब, म्हणजे वित्त विभागाचे कुलथे सर, खूश होते. "यंदा धावपळ नाही, बघ. सगळं आपोआप."

यार्डातली कुत्री दिसेनाशी झाली, हे तिच्या लक्षात आलं होतं. बरं झालं असं वाटलं होतं. शर्वी कुत्र्यांच्या मागे धावायची.

मग एका ट्रकवाल्याने बिडी पेटवायला खिशात हात घातला. विजेचे दोन काटे त्याच्या मानेत घुसले. तो ताठ होऊन पुढे कोसळला आणि त्याचे समोरचे दात गाडीच्या पायरीवर फुटले. पुढच्याच आठवड्यात कुंपणापलीकडे काड्या वेचणारी कौसाबाई विळा घेऊन सरळ उभी राहिली, एवढंच. रबरी गोळी तिच्या गालाच्या हाडावर बसली. हाड आत गेलं.

त्या दिवशी सुभेदार उंबऱ्यावर थांबले नाहीत. सरळ आत आले. त्यांचा सदरा छातीपासून पोटापर्यंत रक्ताने चिकटला होता. म्हातारीला उचलून तेच दवाखान्यात घेऊन गेले होते.

"मी हुकूम दिला नाही," ते म्हणाले. "मी रेषा वर नेतो, कुणीतरी खाली आणायलंय. परत वर नेतो, परत खाली. आज बघितली तर पन्नासाच्या आत."

"अरे देवा. म्हातारी कशी आहे?"

"श्वास चालू आहे. डोळ्याचं सांगता येत नाही म्हणले. ताई, हे रेडे बंद करा. मी बटण दाबून थांबवतो, की परत आपोआप चालू."

"मी कशी बंद करणार, सुभेदार? मी हिशेब बघते. पुरवठादाराला कळवते, बिघाड असेल काहीतरी."

"बिघाड एकदा इकडं होतो, एकदा तिकडं. हा रोज एकाच अंगाला चाललाय. खाली."

तिने त्यांच्यासमोरच पुरवठादाराला पत्र धाडलं, वर 'तातडीचे' असं घातलं. सुभेदार गेल्यावर खुर्चीच्या पाठीला लागलेला रक्ताचा डाग पुसला. त्या आठवड्याच्या अहवालात सुरक्षा खातं लालाचं नारिंगी झालं होतं. तिला काहीतरी टोचलं, नखाखाली कुसळ जावं तसं. पण तेवढ्यात नसीमआपांचा फोन आला. पोरीने नाकात वाटाणा घातला होता.

एकतीस मार्चला दुपारी ती चहासाठी कँटीनमध्ये गेली, तर मागच्या दाराशी आंबूस वास सुटला होता. कँटीनवाले गजूभाऊ दुधाचे कॅन एकामागून एक मोरीत उलटे करत होते आणि तोंडाने चालूच होतं.

"घ्या, बघा तुमच्या कारभाऱ्याची करणी! आज पोरं इकडं यायलीत म्हणून खीर करावी म्हटलं, तर हे चोथापाणी."

"कोणती पोरं?"

"तुमचीच की. पाळणाघराला रंग लावायलेत ना सकाळपासून. वासानं पोरं खोकायली, म्हणून नसीमआपा घेऊन यायलीय सगळ्यांना. मार्च एंडचा रंग, दुसरं काय!"

"आणि दूध कशानं नासलं? लाईट गेली होती?"

"लाईट कशाची जातीय! फ्रीज चालूच आहे. ह्यानंच गरम केला. हे बघा, आकडा बघा, उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यागत. मी कमी करायलो, तो परत वाढवायलाय. दूध नासलं की नवं दूध मागवतंय. माझे पैसे उरलेत म्हणं. श्रीखंड खाऊन संपंनात, तर नासवून संपवायलाय, मुडदा बशिवला ह्याचा!"

मी कमी करायलो, तो परत वाढवायलाय.

रोहिणीने वाकून फ्रीजवरचा आकडा पाहिला. कारभारीला दूध दिसत नव्हतं. प्यालं जातंय का नासतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. संपलं की गुण. कँटीनकडे उरलं होतं दूध. आणि सुभेदारांकडे काय उरलं होतं? रेषा थोडी खाली आणली की गोळ्या जास्त सुटतात, नव्या मागवाव्या लागतात आणि पैसे संपतात, एवढंच त्याने हलवून हलवून शोधून काढलं होतं. ट्रकवाल्याचे दात, कौसाबाईचा गाल, ते नारिंगी. आणि आज वर्षाचा शेवटचा दिवस.

तिने कुलथे सरांना फोन लावला. शब्द एकमेकांवर आदळत होते, तरी त्यांना कळलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच यंत्रणा उघडली.

"रोहिणी, बदल होत नाहीये. खाती गोठलेली आहेत. शेवटच्या आठवड्यात कारभारी सोडून कुणालाही आकड्यांना हात लावता येत नाही. तूच घातली होतीस ना ही अट, कुणी मागच्या दाराने फेरफार करू नये म्हणून? उद्या सकाळी उघडेल."

"उद्या नको, सर! मुलं यार्डात आहेत!"

"थांब, मी प्लँटची मुख्य वीज..."

रेडे बॅटरीवर चालायचे. या कंपनीत बॅटऱ्यांना तोटा नव्हता. तिने फोन कापला, नसीमआपांना लावला. वाजत राहिला. काचेतून यार्डाच्या पलीकडच्या टोकाला एक दोर दिसला, आणि दोराला धरून चाललेली मुलं. पुढे नसीमआपा. तिसरी शर्वी, लाल फ्रॉक, विस्कटलेली वेणी.

कंपनीच्या प्रत्येक माणसाकडे बिल्ला असायचा, बिल्ला दिसला की रेडा आकडा खाली आणायचा. मुलांचे बिल्ले त्यांच्या नारिंगी जाकिटांना शिवलेले होते. उकाडा मरणाचा. नसीमआपांनी जाकिटं काढून ठेवली होती. सकाळी रोहिणीनेच म्हटलं होतं, "आपा, घामोळं आलंय तिला, ते जाकीट नका घालू आज." आणि बिल्ला नसलेलं, कमरेपेक्षा कमी उंचीचं जे काही पळतं, ते रेड्याच्या लेखी कुत्रं होतं.

सुभेदारांनी पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"सुभेदार, मुलं यार्डात आहेत, जाकिटं नाहीत, आणि रेडे..."

"दिसली," ते म्हणाले. "दोन्ही रेडे इकडंच वळलेत. ताई, तुम्ही पोरांकडं पळा. कंटेनरच्या मागं न्या, खाली बसवा, हलू देऊ नका. मी ह्यांच्याकडं बघतो."

फोन चालूच राहिला. रोहिणी पळाली. चपला कुठे सुटल्या कळलं नाही, तापलेलं डांबर तळव्यांना चटके देत होतं. शर्वीने आईला पाहिलं, दोर सोडला आणि दोन्ही हात वर करून धावत सुटली. "आईऽ!"

जवळच्या रेड्याने मान वर केली.

फट्ट असा आवाज आला. गोळी शर्वीच्या पायाशी डांबरावर आपटली आणि उसळून नसीमआपांच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज रोहिणीने स्पष्ट ऐकला. तिने मुलीवर झेप घातली, गुडघे सोलत तिला छातीखाली घेतलं. दुसरी गोळी तिच्या खांद्याला चाटून गेली, जळत्या लाकडासारखी.

"ए भाड्या! इकडं! इकडं बघ!"

सुभेदार यार्डाच्या मधोमध उभे होते. त्यांनी गळ्यातला बिल्ला ओढून तोडला आणि भिरकावला. हातात लोखंडी पहार होती, ती त्यांनी डोक्यावर धरली आणि सरळ रेड्यांच्या अंगावर चालत निघाले. चाल, हात, वेग, वस्तू. धोक्याचा आकडा ज्या ज्या गोष्टींनी वाढतो त्या सगळ्या त्यांना पाठ होत्या, आणि त्यांनी त्या सगळ्या एकदम केल्या. दोन्ही रेडे त्यांच्याकडे वळले.

पहिली गोळी पोटात बसली. ते वाकले, पण पहार खाली आली नाही. दुसरी मांडीत. विजेचे काटे छातीत रुतले, अंग पिळवटलं, तोंडातून फेस आला आणि ते आडवे झाले. त्यांनी एका रेड्याच्या पाठीवरच्या, बंद करायच्या लाल बटणाकडे हात लांबवला, तर त्याने मागे सरून त्या हातावरच गोळी झाडली.

रोहिणीने मुलांना कंटेनरच्या मागे रेटलं. कुणी रडत होतं, कुणी मुतलं होतं. नसीमआपा मोडका हात पोटाशी धरून दुसऱ्या हाताने एकेका डोक्याला खाली दाबत होत्या. "बेटा, चूप. बिल्कुल चूप. अपन लपाछपी खेलते हैं."

सुभेदार पडून होते. पडलेल्या माणसाचा आकडा कमी होतो. तसेच पडून राहिले असते तर वाचले असते. रेड्यांनी माना फिरवल्या आणि कंटेनरच्या दिशेने पावलं टाकली. टक, टक, टक.

तेव्हा सुभेदार उठले.

आधी गुडघ्यावर, मग पहारेच्या आधाराने. "मला मार की रे," ते ओरडले. आवाज फाटला होता. "अजून लई आहेत तुझ्या पोटात! संपव!"

रेडे परत फिरले. गोळी बरगडीवर बसली, ते पडले. रेडे वळले, ते उठले. गोळी गुडघ्याच्या वाटीवर बसली, ते पडले. पुन्हा उठले, आता एकाच पायावर. रोहिणीने शर्वीचे डोळे झाकले होते, पण स्वतःचे झाकायला हात उरला नव्हता. दर वेळी तिला वाटायचं, आता नका उठू. आणि दर वेळी, न उठले तर, या विचाराने ती दात आवळून मनात म्हणायची, उठा. उठा, सुभेदार. ते म्हटल्याची लाज तिला तिथेच, तेव्हाच वाटली. तरी तिने म्हटलं.

शेवटची गोळी डोळ्यावर बसली.

मग दोन्ही रेडे नुसतेच उभे राहिले. पोटं रिकामी झाली होती. रिकाम्या नळीतून खट् खट् आवाज येत राहिला आणि थोड्या वेळाने तोही थांबला. रोहिणीच्या हातात फोन थरथरला. कुलथे सर होते, आवाज चढलेला. "रोहिणी, काय केलंस तू? सुरक्षा खातं हिरवं झालं! तेवढंच राहिलं होतं. म्हणजे थांबलं ना? मुलं ठीक आहेत ना?"

तिने फोन बंद केला. गजूभाऊ दुधाने भिजलेल्या पायांनी धावत आले, त्यांनी फडकं सुभेदारांच्या चेहऱ्यावर दाबलं आणि तोंड फिरवून भडाभडा ओकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शर्वी मांडीवर झोपली होती. आत सुभेदारांचा डोळा काढत होते. खाती उघडली होती, नवं वर्ष लागलं होतं, आणि कारभारीचा पहिला अहवाल आला होता: सुरक्षा खात्याने मंजूर रक्कम पूर्ण वापरली. मागणी खरी असल्याचे दिसते. पुढील वर्षासाठी वाढीव तरतूद सुचवण्यात येत आहे.

तिने तो अहवाल कुलथे सरांना पाठवला नाही. शर्वीला गजूभाऊंच्या बायकोकडे सोपवलं, पोलिसांना घेऊन ऑफिसात गेली, आणि त्यांना मे महिन्यातली 'सर्व खाती' ही चौकट उघडून दाखवली. हे कुणी केलं, असं विचारल्यावर "मी" म्हणाली. कंपनीच्या वकिलाने नंतर तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, एवढं बोलायची गरज नव्हती." पण बोलून झालं होतं.

आता तिच्यावर खटला चालू आहे. कौसाबाईला एका बाजूचं दिसत नाही. नसीमआपा मनगट जुळल्यावर लेकीकडे बीदरला गेल्या. रेडे पोलिसांच्या गोदामात उभे आहेत. कारभारी मात्र इतर पुष्कळ ठिकाणी चालू आहे, वेगवेगळ्या नावांनी.

सुभेदार दवाखान्यातून थेट गावी गेले. मंठ्याच्या पुढे, पूर्णेकाठच्या टाकळीला. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. नसीमआपा दर शुक्रवारी फोन करायच्या आणि ते उचलायचे. "पाय टेकायलाय हळूहळू," म्हणायचे. गेले काही शुक्रवार घंटा वाजून वाजून बंद पडते.

रोहिणीला जाता येत नाही. जामिनाची अटच आहे, साक्षीदाराला भेटायचं नाही, निरोप धाडायचा नाही. स्वतः नाही, घरच्यांकरवी नाही, ओळखीच्या माणसाकरवीही नाही. अनोळखी माणसांबद्दल त्या कागदात काही लिहिलेलं नाही. म्हणून ही हकिगत तुमच्यापर्यंत आली आहे.

तुमच्यापैकी कुणी त्या वाटेने जाणार असेल, तर तिचं एवढंच मागणं आहे. टाकळीत शिरताना हातपंपाच्या पुढे पत्र्याचं घर आहे, दार निळं आहे. तिचं नाव सांगू नका. पाणी मागा, वाट विचारा, काहीही करा, पण सुभेदार म्हणून मोठ्याने हाक मारा आणि घाई करू नका, जरा थांबा. त्यांना वेळ लागतो. ते उठून दारापर्यंत आले का, तेवढं बघून या.